समांतर, पण कशाला? घरी बांधलेल्या विमानाची चाकं आणि मोजण्याचा प्रश्न



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने मला विचारलं होतं, "सर, सत्य म्हणजे आपापसातली सुसंगती, की सत्य म्हणजे वस्तुस्थितीशी जुळणं, या वादाचा रोजच्या व्यवहारात काही उपयोग होतो का?" मी तेव्हा "होतो की" म्हणून वेळ मारून नेली. आज त्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, आणि ते विमानाच्या चाकांवरून देणार आहे. हसू नका. तत्त्वज्ञानाच्या मास्तराने विमानाच्या चाकांवर बोलावं हे मलाही थोडं चमत्कारिक वाटतं. पण तीसेक वर्षं वर्गात शिकवलेली एक गोष्ट मला नीट कळली ती एका गॅरेजमध्ये, फरशीवर गुडघे टेकून, हातात ओळंबा धरलेला असताना.

आधी थोडी पार्श्वभूमी. विमान कारखान्यातच तयार होतं अशी आपली समजूत असते. अमेरिकेत तसं नाही. तिथे हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी विमान बांधलं, आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग स्वतः तयार केला, तर सरकार त्याला 'प्रायोगिक' वर्गात उडवायची परवानगी देतं. अशा लोकांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संघटना १९५३ पासून आहे, आणि विस्कॉन्सिन राज्यात ऑशकोश या गावी दर उन्हाळ्यात त्यांची मोठी जत्रा भरते. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, आणि २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल.

आमचे जावई ओहायो राज्यात डेटनजवळ राहतात. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. गंमत बघा, राइट बंधूंचा धंदा सायकलींचा, पण त्यांच्या १९०३ च्या पहिल्या विमानाला चाकं नव्हती. खाली स्कीसारख्या पट्ट्या होत्या, आणि ते रुळावरून घसरत जाऊन उडालं. म्हणजे आज मी जो प्रश्न सांगणार आहे तो त्यांना पडलाच नाही. आमच्या जावईबापूंना पडला. ते सहा वर्षं गॅरेजमध्ये दोन आसनांचं विमान बांधत होते. एक आसन त्यांचं, दुसरं माझ्या नातीला कबूल केलेलं. हे दुसरं आसन लक्षात ठेवा.

चाक वाकडं असलं तर काय बिघडतं?

हे विमान जुन्या पद्धतीचं, म्हणजे पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीला एक लहान चाक. याला टेलड्रॅगर म्हणतात. याची खोड अशी की विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो.

बाण डोळ्यांसमोर आणा. बाणाचं वजन टोकाला, पिसं मागे. म्हणून तो सरळ जातो. तोच बाण उलटा, पिसं पुढे करून फेकला तर तो वळून स्वतःला सुलटा करायला बघतो. धावपट्टीवर धावणारा टेलड्रॅगर हा असा उलटा फेकलेला बाण आहे. चाकं जमिनीला घासतात ती पुढे, आणि वजन मागून ढकलत असतं. नाक थोडं डावीकडे वळलं की मागचं वजन त्याला आणखी वळवतं. वैमानिकाने वेळेत सावरलं नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात पंखाचं टोक जमिनीला लागतं, कधी चाकाचा पाय मोडतो.

आता यात चाकांच्या रोखाचा संबंध कुठे येतो? काही माणसं पावलं आत वळवून चालतात, काही फेंगडी चालतात. चाकांचंही तसंच. दोन्ही चाकांची तोंडं पुढे एकमेकांकडे वळलेली असली तर ते टो-इन, एकमेकांपासून दूर वळलेली असली तर टो-आऊट. समजा विमान डावीकडे वळू लागलं. बस वळताना आपण बाहेर फेकले जातो, तसं विमानाचं वजन उजव्या चाकावर येतं. उजवं चाक टो-इन असेल, म्हणजे त्याचं तोंड डावीकडे असेल, तर ते विमानाला आणखी डावीकडे नेतं. म्हणजे आगीत तेल. तेच चाक किंचित टो-आऊट असेल तर ते विमानाला परत उजवीकडे आणतं. म्हणून टेलड्रॅगरला चाकं सरळ ठेवावीत, किंवा नावाला टो-आऊट द्यावा, असं बहुतेक जाणकार सांगतात. अर्थात त्या विमानाच्या आराखड्यात आकडा दिला असेल तर तो शेवटचा शब्द.

आणि हे सगळं ज्या पायावर उभं असतं तो पाय म्हणजे पोलादाचा एक स्प्रिंगसारखा दांडा. ही कल्पना स्टीव्ह विटमन या माणसाची. ऑशकोशच्या विमानतळाला आज त्याचंच नाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सेस्ना कंपनीने त्याचा स्प्रिंगचा पाय आपल्या लहान विमानांवर वापरला. या पायाचे दोन प्रकार असतात. चपट्या पट्टीचा पाय असेल तर चाकाची धुरा त्याला चार बोल्टांनी जोडलेली असते, आणि मध्ये निमुळती पाचर घालून रोख सुधारता येतो. गोल दांड्याचा पाय असेल तर त्याचं वरचं टोक नळीत बसतं. दांडा नळीत फिरवून चाकाचा रोख ठरवायचा, आणि मग नळी आणि दांडा दोन्हींतून आरपार भोक पाडून बोल्ट घालायचा. आमच्या जावयांच्या विमानाचा पाय गोल. म्हणजे भोक एकदाच. चुकलं तर अख्खा पाय नवा घ्यायचा, किंवा चुकीसह उडायचं.

आम्ही काय केलं

आम्ही, म्हणजे त्यांनी, आणि मी आपला पट्टी धरायला. डावा पाय नळीत बसवला, डोळ्यांना सरळ दिसेल असा केला आणि क्लॅम्प आवळला. मग दोन्ही चाकांना एक-एक मीटर लांबीच्या सरळ पट्ट्या बांधल्या. पट्ट्यांच्या पुढच्या टोकांमधलं अंतर मोजलं, मागच्या टोकांमधलं मोजलं. दोन्ही सारखी येईपर्यंत उजवा पाय फिरवत राहिलो.

एक हिशेब सांगून ठेवतो. एक मीटरच्या पट्टीवर एक अंश म्हणजे साडेसतरा मिलिमीटर. म्हणजे साधी टेपसुद्धा यात चांगलं काम देते. आमचा पुढचा-मागचा फरक एक मिलिमीटरच्या आत आला. मी खूश. जावई म्हणाले, "बाबा, झालं. उद्या भोक पाडू."

त्या संध्याकाळी त्यांच्या संघटनेचे एक वयस्क स्वयंसेवक यायचे होते. घरी विमान बांधणाऱ्यांचं काम मधूनमधून येऊन बघणारे असे अनुभवी लोक तिथे असतात. त्यांनी पट्ट्या पाहिल्या, आकडे पाहिले, मान डोलावली, आणि एवढंच विचारलं, "चाकं समांतर आहेत. पण कशाला समांतर?"

आम्ही दोघंही गप्प.

कारण आम्ही फक्त दोन चाकांची एकमेकांशी तुलना केली होती. विमानाला आम्ही विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विमानाची मध्यरेषा जमिनीवर आखून मोजलं तेव्हा दिसलं की डाव्या पट्टीचं पुढचं टोक मध्यरेषेपासून मागच्यापेक्षा १३ मिलिमीटर जास्त दूर होतं, आणि उजव्या पट्टीचं १३ मिलिमीटर जास्त जवळ. दोन्ही चाकं डावीकडे पाऊण अंश वळलेली. एकमेकांशी संपूर्ण सहमत, आणि दोन्ही चूक. तसंच भोक पाडलं असतं तर प्रत्येक वेळी जमिनीला टेकताना विमानाने डावीकडे हिसका दिला असता, आणि तो हिसका तरी कुठे, तर ग्राउंड लूपची खोड असलेल्या यंत्रात, दुसऱ्या आसनावर माझी नात बसलेली असताना.

मध्यरेषा आधी

मग पद्धत काय? तुम्ही कधी घर बांधलं असेल तर गवंड्याने हे तुमच्या डोळ्यांदेखत केलेलं आहे.

पहिलं, विमान घोड्यांवर उचलून उड्डाणाच्या स्थितीत समतल करायचं, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे. त्यासाठी कोणत्या जागी पातळी लावायची हे आराखड्यात सांगितलेलं असतं.

दुसरं, विमानाच्या मध्यावरच्या दोन बिंदूंतून ओळंबे सोडायचे. एक पुढे, इंजिनच्या मागे जो पत्र्याचा पडदा असतो त्याच्या मध्यातून. दुसरा थेट शेपटीच्या खांबातून. ओळंबा हलत राहतो, म्हणून त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवायचं, की तो लवकर स्थिर होतो. मग नेमक्या त्याच्या खाली जमिनीवर खूण. दोन खुणांमधून रंगाची दोरी ताणून सूत मारायचं. ही मध्यरेषा.

हे दोन बिंदू एकमेकांपासून जितके लांब तितकं चांगलं. चार मीटर अंतरात एक मिलिमीटर चुकलात तर रेषा अंशाच्या सत्तराव्या भागाने चुकते. तीच चूक ३० सेंटिमीटरमध्ये केलीत तर जवळजवळ अंशाचा पाचवा भाग. म्हणून टायरवर फूटपट्टी लावून रोख ठरवणारा माणूस कितीही काळजीपूर्वक मोजो, त्याचा पायाच आखूड असतो.

तिसरं, शेपटीच्या खुणेपासून दोन्ही धुरांच्या टोकांपर्यंतची अंतरं सारखी आहेत ना ते टेपने बघायचं. सारखी असली तर एक चाक पुढे आणि एक मागे असं झालेलं नाही. हा समद्विभुज त्रिकोण.

हे करताना मला शुल्बसूत्रं आठवली. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखायची ती खुंट्या आणि दोरी घेऊन. आधी पूर्व-पश्चिम रेषा, तिला प्राची म्हणतात. मग तिच्या दोन्ही बाजूंना सारखी अंतरं. त्यात श्येनचिती आहे, म्हणजे पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची वेदी. पंख आखायचे तेही मधल्या रेषेच्या आधाराने. आता कृपा करून यावरून "आपल्याकडे विमानं होती" असा संदेश कुणी पुढे पाठवू नका. तिथे विमान नव्हतं, भूमिती होती, आणि ती पुरेशी अभिमानाची गोष्ट आहे.

खोट्या पाणसळीतून खरं कसं काढायचं

इथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी अडवेल. म्हणेल, मध्यरेषा विमानावरून काढली, ठीक. पण विमान समतल आहे हे पाणसळीने ठरवलं. पाणसळच खोटी असेल तर? तिची परीक्षा दुसऱ्या पाणसळीने, तिची तिसऱ्या. हे कुठे थांबणार? आपण याला अनवस्था म्हणतो.

सुतार हा प्रश्न फार सुरेख सोडवतो. पाणसळ एका जागी ठेवतो, बुडबुडा बघतो. मग तीच पाणसळ टोकं उलट करून त्याच जागी ठेवतो. बुडबुडा पुन्हा खिडकीच्या बाजूलाच गेला, तर फळी तिरपी आहे. पहिल्यांदा खिडकीकडे आणि उलटल्यावर दाराकडे गेला, तर पाणसळ खोटी आहे. दोन्ही दोष असतील तर दोन वाचनांची सरासरी हा फळीचा खरा तिरपेपणा. म्हणजे तिच्याहून अधिक खरी पाणसळ हाताशी नसतानाही तिची खोट पकडता येते. फक्त तिला उलटी उभी करायची तयारी हवी.

चाकांचंही तसंच केलं. चाकाची कड किंचित वाकडी असू शकते, बांधलेली पट्टी तिरपी असू शकते. म्हणून एकदा मोजायचं, मग पट्टीसकट चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायचं, आणि सरासरी घ्यायची. पट्टीचा दोष पहिल्या वाचनात जितका वाढवतो तितकाच दुसऱ्यात घटवतो.

वजन पडल्यावर पाय पसरतात

अजून एक गोष्ट. हे सगळं विमान अधांतरी असताना झालं. ते जमिनीवर उतरलं की स्प्रिंगचे पाय बाहेर पसरतात आणि चाकांचा कल बदलतो. या उभ्या कलाला कॅम्बर म्हणतात. म्हणून आसनांवर वाळूच्या पिशव्या ठेवून विमान खाली घेतलं. पहिल्या खेपेला आकडे भलतेच आले. कारण रबराचे टायर फरशीला चिकटून बसले आणि पाय पसरलेच नाहीत. त्यावर उपाय स्वयंपाकघरातला वाटेल असा आहे. प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे आणि त्यांच्यामध्ये ग्रीस. मग चाकं आपसूक बाहेर सरकतात.

आणि कॅम्बर असला तर शेपूट वर-खाली केल्यानेसुद्धा टो बदलतो. चाक वरच्या बाजूने बाहेर झुकलेलं असेल तर शेपूट खाली येताच ते टो-इनकडे जातं, आत झुकलेलं असेल तर टो-आऊटकडे. चाक दोन अंश झुकलेलं आणि शेपूट बारा अंश खाली आली, तर फरक सुमारे ०.४ अंश, म्हणजे एक मीटरच्या पट्टीवर सात मिलिमीटर. म्हणजे "या चाकाचा टो किती?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. किती वजनाला, कोणत्या स्थितीत, हे आधी सांगावं लागतं. हे सापेक्ष आहे, पण मनमानी नाही. स्थिती सांगितली की उत्तर ठरलेलं. आमच्या विद्यार्थ्यांना हा फरक समजावताना मी किती खडू झिजवले!

भोक पाडायच्या आधी दांड्यावर आणि नळीवर मिळून पेन्सिलची एक रेघ मारली, म्हणजे क्लॅम्प सरकला तर कळावं. वजन पडल्यावर जो फरक येत होता तो आधीच उलट दिशेने देऊन ठेवला. पुन्हा खाली घेतलं, पुन्हा मोजलं. असं चार वेळा. मग आधी लहान भोक, मग रीमरने मापाला आणलं. त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

मूळ प्रश्नाकडे

आता त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे येतो. आमची दोन चाकं सुसंगत होती. सुसंगती ही काही वाईट गोष्ट नाही. चाकं एकमेकांशी जुळलेली नसती तर तीही चूकच होती. पण उजवं चाक आम्ही डाव्यावरून जुळवलं होतं. मग ते डाव्याशी सहमत झालं यात पुरावा कसला?

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, आता निवृत्तीनंतर सांगायला हरकत नाही. एका परीक्षेत उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासायच्या होत्या. माझ्याकडे गठ्ठा आला तेव्हा पहिल्या परीक्षकाचे गुण झाकलेले नव्हते. मी ते पाहिले. माझे गुण त्यांच्याशी अगदी जुळले, दोन-तीन गुणांचाही फरक नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. एका मुलीने फेरतपासणी मागितली, तिसऱ्या परीक्षकाने तिची उत्तरपत्रिका कोरी नजरेने वाचली, आणि तिला आम्हा दोघांपेक्षा अठरा गुण जास्त दिले. मी ती पुन्हा वाचली. त्यांचं बरोबर होतं. मी उत्तरपत्रिका मोजलीच नव्हती, मी पहिल्या परीक्षकाला मोजलं होतं. बाकीच्या मुलांनी फेरतपासणी मागितली नाही, आणि त्यांचं काय झालं असेल हे मला आजही टोचतं.

तेव्हा दोन साक्षी जुळल्या की लगेच "झालं" म्हणू नका. त्या एकमेकांना बघून जुळल्या आहेत की दोघींनी वेगवेगळं त्या वस्तूकडे पाहिलं आहे, हे आधी विचारा.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, हल्ली लेझर मिळतो. मग ओळंबा आणि दोरी कशाला?

लेझर जरूर वापरा, जावयांकडेही होता. पण लेझर कुठून सुरू करायचा आणि कुठे रोखायचा हे तो सांगत नाही. चुकीच्या बिंदूवर ठेवलेला लेझर अत्यंत सरळ अशी चुकीची रेषा काढतो.

प्रश्न: विमानाला मध्यरेषा असते. समाजात, नीतीमध्ये ती कोण आखणार?

कठीण आहे, आणि विमानावरून याचं उत्तर मिळतं असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो की विमानालाही मध्यरेषा आयती मिळालेली नव्हती. ती शोधावी लागली, एकमेकांपासून लांबच्या दोन बिंदूंवरून, आणि अशा रीतीने की कुणीही ओळंबा घेऊन यावं आणि पुन्हा तपासावं. "मी म्हणतो म्हणून ही मध्यरेषा" असं तिथे चालत नाही. नीतीतही निदान तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

प्रश्न: तुम्ही स्वतः त्या विमानात बसलात का?

हो. नव्या विमानाला साधारणपणे पहिले २५ किंवा ४० तास प्रवासी न घेता चाचणीचं उड्डाण करावं लागतं. ते झाल्यावर पहिला नंबर नातीचा होता, कबूल केल्याप्रमाणे. दुसरा माझा. उतरताना मी बाहेरचं दृश्य पाहिलंच नाही, जावयांच्या पायांकडे बघत होतो. चाकं टेकली, आणि रडरवर त्यांचे पाय थोडे हलले, जेवढे हलायला हवेत तेवढेच.